जुन्या रायफलवर स्कोप बसवताय? आधी स्क्रू बघा, टरेट मग फिरवा

मे महिन्यात पुतण्याचा फोन आला, काका स्कोप बिघडलाय बहुतेक, वीस काडतुसं गेली आणि एक गोळी धड कागदावर लागली नाही, नवीन घेऊ का. मी म्हटलं आधी मला सांग मागच्या रिंगचा खालचा स्क्रू हलतोय का. तो म्हणे स्क्रू कशाला हलेल, मीच घट्ट केलाय. दोन दिवसांनी रायफल घेऊन घरी आला, पडवीत टेबलावर ठेवली, ॲलन की, म्हणजे ती षटकोनी किल्ली, घातली आणि स्क्रू पाऊण आटा सहज फिरला. वीस काडतुसं पाण्यात. लायसनवर वर्षाला किती मिळतात ते ज्याचं त्याला माहीत, त्यामुळे ही चूक पैशापेक्षा कोट्याला जास्त लागते.

म्हणून हे लिहितोय. नव्यांसाठी आधी चार शब्द: स्कोप म्हणजे नेमाची दुर्बीण, माउंट म्हणजे तिला रायफलवर धरणारा जोड, रिंगा म्हणजे त्या जोडाच्या दुर्बिणीभोवतीच्या कड्या, आणि टरेट म्हणजे नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायच्या तिच्यावरच्या दोन फिरत्या चकत्या. ज्यांच्याकडे आजोबा-पणजोबांची जुनी रायफल वारसाने आली आहे, नळीच्या टोकावरच्या माशीवरून नेम धरायला डोळे साथ देत नाहीत म्हणून स्कोप लावायचाय, आणि कोकणात राहतात, त्यांच्यासाठी. आमच्याकडची ब्रनो या चेक कंपनीची .२२ बोअरची आहे, बोल्टची, आबांनी घेतलेली, त्यामुळे उदाहरणं तिचीच येतील.

आधी दोन गोष्टी, कंटाळा करू नका. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे, आणि शेतात डुक्कर येतात म्हणून वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणी चाप ओढायचा नाही, शेती संरक्षणाचं लायसन असलं तरी नाही. स्कोपचं झीरोइंग, म्हणजे नेम आणि गोळी एका ठिकाणी आणणं, रेंजवरच करायचं, बागेत कलमाच्या बुंध्यावर नाही. आमच्याकडे जांभ्याचा कातळ आहे, गोळी कातळावर घासून कुठे जाईल ते देवालाही सांगता येत नाही. दुसरं, खाली जिथे जिथे रायफल हातात घ्या असं येईल तिथे आधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्याने बघा आणि करंगळी घालून चेंबरचं तोंड चाचपून पण बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मला पंचवीस वर्षं झाली तरी मी दर वेळी करंगळी घालतो, बायको हसते, हसू दे.

पहिलं काम साफसफाईचं

आबा बंदुकीला खोबरेल लावायचे. घरात तेच तेल, डोक्याला तेच, दिव्याला तेच, मग बंदुकीला का नको. पण खोबरेल पातळ थराने वर्षानुवर्षं राहिलं की चिकट होतं, त्यात धूळ बसते आणि पिवळट-काळा लाखेसारखा थर तयार होतो. आमच्या ब्रनोच्या वरच्या बाजूला माउंट बसायला ज्या दोन खाचा असतात त्यांच्या तळाशी हा थर नखाने खरवडला तर निघत नव्हता. माउंट त्या थरावर बसतो, लोखंडावर नाही, आणि चार गोळ्यांत थर दबला की माउंट ढिला. पुतण्याचं नेमकं हेच झालं होतं, त्याने घट्ट केला होता हे खरंच होतं बिचाऱ्याचं.

रॉकेल, जुना टूथब्रश आणि टोकाला चपटी केलेली बांबूची काडी. लोखंडी पोकर नको, खाच ओरबाडली जाते. थर निघाला की कोरड्या फडक्याने पुसा, मग स्पिरिटने किंवा ॲसिटोनने खाच आणि स्क्रूची भोकं तेलमुक्त करा. गंज दिसला तर तेल लावून बारीक स्टील वूलने हलक्या हाताने, घासून चकचकीत करायच्या नादात काळं ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा गंज रोखणारा थर, घालवू नका, ते गेलं की खाऱ्या वाऱ्याला मोकळं रान.

नळी पण साफ करा, शक्यतो चेंबरच्या बाजूने, कारण तोंडाकडून रॉड घातला की नळीचं तोंड झिजतं. नळीच्या तोंडावर कापसाचा बोळा फिरवून बघा, कापसाचे धागे एका जागी अडकत असतील तर तिथे कड दुखावलेली आहे. मग नेम कितीही नीट बसवा, गोळ्या पसरणारच, आणि ते काम गनस्मिथचं.

माउंट तुमच्याच रायफलचा आहे का

हे दुकानात विचारायचं, घरी येऊन नाही. .२२ च्या खाचा साधारण दोन मापांत येतात, ११ मिलिमीटर आणि अमेरिकन रायफलींवर ३/८ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर. दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, एकाचा माउंट दुसऱ्यावर बसल्यासारखा वाटतो पण पकड कडेला फक्त रेषेएवढी असते. आणि रुंद विव्हर किंवा पिकॅटिनी पट्टीचा माउंट हा तिसराच प्रकार, तो या खाचेत अजिबात नाही चालत. व्हर्नियर कॅलिपर कोणाकडून तरी आणा आणि मोजा. रिंगा पण स्कोपच्या नळीच्या मापाच्या हव्यात, २५.४ मिलिमीटर म्हणजे एक इंच किंवा ३० मिलिमीटर. एक इंच स्कोप ३० च्या रिंगमध्ये इन्सुलेशन टेप गुंडाळून बसवलेला मी स्वतः पाहिलाय. नको रे बाबांनो.

.३१५ बोअरवाल्यांसाठी एवढंच, ती इशापूरची रायफल ली-एनफिल्डच्या वंशातली, स्कोपचा विचार करून बनवलेली नाही, वरती माउंटसाठी भोकं नसतात. भोकं पाडायची असतील तर लायसनवाल्या गनस्मिथकडेच, घरच्या ड्रिलने रिसीव्हरला, म्हणजे बोल्ट सरकतो त्या लोखंडी भागाला, हात लावायचा नाही. आणि तिचा धक्का .२२ च्या कितीतरी पट, त्यामुळे डोळा आणि स्कोपमध्ये अंतर ठेवा नाहीतर भुवईवर अर्धचंद्र उमटतो.

बसवताना

खालच्या रिंगा बसवा, स्कोप त्यांच्यात ठेवा, वरच्या अर्ध्या रिंगा हलक्या हाताने लावा, इतक्याच की स्कोप पुढेमागे आणि गोल फिरला पाहिजे. आता डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल नेहमी टेकता तसा दस्त्यावर टेका आणि मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे, कडेला काळी सावली नको. सावली असेल तर मान पुढे करायची नाही, स्कोप सरकवायचा. साधारण साडेसात ते नऊ सेंटिमीटर अंतर डोळ्यापासून येतं. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं पण मान सगळ्यांची वेगळी, म्हणून दुसऱ्याने बसवून दिलेला स्कोप आपल्याला कधी जुळत नाही.

मग स्कोपमधल्या क्रॉसची उभी रेषा उभी करायची. इथे मी गवंड्याचा ओळंबा वापरतो. ओटीसमोरच्या फणसाच्या फांदीला पंचवीस-तीस पावलांवर पांढरी दोरी आणि खाली ओळंबा, वारा नसताना सकाळी. रायफल पिशव्यांवर स्थिर, रिसीव्हरच्या सपाट भागावर छोटी पाणपातळी ठेवून ती समतल केली, आणि स्कोप हळूहळू फिरवत त्याची उभी रेषा त्या दोरीला मिळवायची. डोळ्याच्या अंदाजाने केलं तर आपल्याला सरळ वाटतं पण दोन-तीन अंश तिरपं असतं आणि मग लांबवर वर-खालचं करेक्शन बाजूला पळतं. आमचे शेजारी म्हणाले बंदुकीला भिंत बांधताय की काय. तसंच काहीसं.

रिंगांचे स्क्रू घट्ट करताना एक पूर्ण घट्ट मग दुसरा असं नाही, गाडीच्या चाकाचे नट लावतो तसं तिरपं-तिरपं, थोडं-थोडं, आणि दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. दर फेरीला दोरी परत बघा, कारण घट्ट करताना स्कोप थोडा फिरतो. किती घट्ट? टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, असेल तर वरच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे साधारण २ न्यूटन मीटर. नसेल तर ॲलन कीची लांब बाजू स्क्रूत घाला आणि आखूड बाजू दोन बोटांनी फिरवा, तेवढाच जोर. उलटी धरून पूर्ण हाताने पिळलं तर स्कोपच्या नळीवर वळ उठतो, आतली यंत्रणा अडकते, आणि मग म्हणायचं स्कोप भिकार निघाला. माउंटच्या खालच्या पकडीला मात्र थोडा जास्त जोर चालतो.

निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा गोंद, फक्त माउंटच्या स्क्रूंना, एक बारीक थेंब. लाल घेऊ नका, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही. शेवटी रिंग आणि खाच यांच्या जोडावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. बायकोची लाल चालते, मी विचारून घेतो. माउंट अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसते, एवढं स्वस्त मीटर दुसरं नाही.

टरेट मध्यावर आणि मग नळीतून

जुना वापरलेला स्कोप असेल तर आधीच्या मालकाने टरेट कुठेतरी टोकाला नेऊन ठेवलेले असतात. एका टोकापर्यंत हळू फिरवा, अडलं की थांबा, जोर नाही. तिथून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजा. समजा २४० आल्या तर १२० परत. दोन्ही टरेटचं असंच.

आता रायफल परत पिशव्यांवर, बोल्ट पूर्ण बाहेर काढा, आणि मागून नळीतून २५ मीटरवरच्या काळ्या ठिपक्याकडे बघा. ठिपका नळीच्या गोलाच्या मध्यभागी आला की रायफल न हलवता स्कोपमधून बघा आणि क्रॉस ठिपक्यावर येईपर्यंत टरेट फिरवा. इथे लक्षात ठेवा, नळी न हलवता क्रॉस उजवीकडे न्यायचा असेल तर टरेट गोळी डावीकडे न्यायच्या दिशेने फिरतो, पहिल्यांदा सगळे गोंधळतात. ही फुकटातली पायरी आहे, एकही काडतूस जात नाही आणि पहिली गोळी निदान कागदावर लागते.

क्रॉस ठिपक्यावर आणता आणता टरेट टोकाला गेला तर माउंट किंवा रिसीव्हर वाकडा आहे. वर-खालीचा थोडा फरक असेल तर एक जुगाड चालतो. गोळी वर न्यायची असेल तर मागच्या रिंगमध्ये स्कोपच्या खाली कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियमच्या डब्याची पट्टी, तिची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. रिंगांमध्ये १० सेंटिमीटर अंतर असेल तर तेवढ्या पट्टीने ५० मीटरवर गोळी ५ सेंटिमीटर वर जाते, हिशोब सरळ आहे. एक पट्टी, फार तर दोन. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर रोग दुसरा आहे, स्कोप वाकवू नका.

रेंजवर

पिशव्यांत समुद्रावरची वाळू भरू नका, ती खारी आणि ओलसर, आठवड्यात कापडातून ओल येते आणि दस्त्याला लागते. नदीची धुऊन वाळवलेली वाळू, नाहीतर सरळ तांदूळ. पिशवी लाकडाखाली, नळीखाली कधीच नाही. नळी टेकवली की ती वर उडते आणि गोळी भलतीकडे.

साफ केलेल्या .२२ च्या पहिल्या पाच-सहा गोळ्या धरायच्याच नाहीत, नळीला काडतुसाच्या शिशाचं आणि मेणाचं अस्तर परत चढेपर्यंत त्या भटकतात. मग २५ मीटरवर तीन गोळ्या, तिन्हीचा नेम एकाच ठिपक्यावर. पहिली डावीकडे लागली म्हणून दुसरी उजवीकडे धरायची नाही, आणि मधे टरेटला हात नाही. पुतण्याने हेच केलं होतं, दर गोळीला दोन क्लिक, म्हणजे वीस गोळ्यांनी वीस वेगळे प्रश्न विचारले आणि उत्तर एकाचंही ऐकलं नाही.

तिन्हींचा मध्य काढा आणि मोजा. बहुतेक स्कोपवर एक क्लिक म्हणजे पाव एमओए (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग), ते १०० मीटरवर ७ मिलिमीटरला थोडं जास्त, ५० वर ३.६, आणि २५ वर १.८ मिलिमीटर. म्हणजे २५ वर ६ सेंटिमीटर डावीकडे लागलं तर ३३ क्लिक उजवीकडे. आकडा ऐकून घाबरतात लोक, तीन-चार क्लिक करतात आणि म्हणतात फरक पडत नाही. जुन्या स्कोपची आतली स्प्रिंग आळशी असते, क्लिक झाल्या तरी काच जागेवरून हलत नाही आणि पुढच्या धक्क्याला एकदम उडी मारते. त्यासाठी हव्या त्यापेक्षा पाच-सहा क्लिक पुढे जाऊन परत या आणि टरेटवर स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने दोन हलक्या टिचक्या मारा. परत तीन गोळ्या.

झीरो ५० मीटरचा ठेवायचा असेल तर २५ वर गोळी नेमापेक्षा साधारण १ सेंटिमीटर वर लागलेली चांगली, कारण स्कोप नळीच्या वर तीन-चार सेंटिमीटर असतो आणि गोळी त्या रेषेला खालून वर कापते. मग ५० वर जाऊन पाच गोळ्यांचा ग्रुप, त्यावरून शेवटचं करेक्शन. एकाच ब्रँडची, शक्य तर एकाच खोक्यातली काडतुसं. ब्रँड बदलला की नेम बदलतो, त्यात आश्चर्य काही नाही.

अजून एक, .२२ साठी बनवलेल्या स्कोपची काच बहुतेक ५० यार्डाला जुळवलेली असते, मोठ्या रायफलच्या स्कोपची १०० ला. म्हणून २५ वर रायफल न हलवता डोकं थोडं बाजूला केलं की क्रॉस कागदावर सरकताना दिसतो. बिघाड नाही तो, फक्त गाल दर वेळी एकाच जागी टेका.

कागद काय म्हणतो

ग्रुप छोटा पण जागा चुकीची, तर आनंद करा, फक्त टरेटचं काम आहे. दोन वेगळे छोटे ग्रुप पडले, दोन इकडे तीन तिकडे, तर काहीतरी दोन जागांमध्ये टकटक करतंय, बहुधा माउंट किंवा स्कोपच्या आतला भाग. नेलपॉलिशची रेघ शाबूत असेल तर संशय स्कोपवर. दर गोळी एकाच दिशेला थोडी थोडी सरकत गेली तर स्क्रू सुटतोय, किंवा नळी गरम होऊन लाकडाला दाबतेय. उभी माळ लागली तर श्वास, पिशवी किंवा काडतूस. आडवी लागली तर वारा किंवा चाप बाजूला ओढताय. आणि अंगणात सडा टाकल्यासारखं सगळीकडे पसरलं तर रायफल उलटी करून लाकडाला रिसीव्हर धरणारे दोन मोठे स्क्रू बघा, शंभरात बऱ्याच वेळा तेच.

आणि आता पाऊस

हे कुठल्या परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत कारण त्यांच्याकडे आपला आषाढ नसतो. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जूनपासून घरातलं मीठ पाणी सोडतं, दरवाजे चौकटीत अडकतात, कपाटाचं दार लाथ मारून लावायला लागतं. बंदुकीचा दस्ता पण लाकूडच ना. तो फुगतो, नळीला एका बाजूने दाबतो आणि मे महिन्यात ठिपक्यावर लागणारी गोळी भाद्रपदात बोटभर बाजूला. मी एकदा गणपतीनंतर रेंजवर जाऊन स्कोपला शिव्या घातल्या, सगळं परत सेट केलं, आणि दिवाळीनंतर लाकूड सुकलं तर नेम उलट्या बाजूला गेलेला.

तपासायची युक्ती सोपी. दहाची नोट नळी आणि लाकूड यांच्या फटीत घालून पुढून मागे सरकवा. उन्हाळ्यात कुठपर्यंत गेली ते लाकडावर आतल्या बाजूला पेन्सिलने खूण करा. पावसाळ्यात तीच नोट अलीकडेच अडली तर तिथे लाकूड टेकलंय. काही जुन्या रायफलींत पुढे एका जागी लाकूड मुद्दामच नळीला टेकवलेलं असतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी पॉलिश पेपर घेऊन बसू नका, आधी एक वर्ष बघा दाब बदलतो का. बदलत असेल तर आतल्या कोऱ्या लाकडावर पातळ वॉर्निश किंवा जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या, कारण बाहेरून पॉलिश आणि आतून कोरं असतं आणि पाणी आतूनच शिरतं. ते दोन मोठे स्क्रू पण पावसाळ्याआधी आणि नंतर बघायचे, फुगलेलं लाकूड दबलं की सुकल्यावर ते ढिले पडतात.

स्कोपची पण पावसात परीक्षा. बाहेरच्या काचेवर वाफ धरली तर ती पुसली जाते, आतून धुकं धरलं तर सील गेलंय, घरी उघडून काही होत नाही. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. काच शर्टाच्या टोकाने पुसू नका, आपल्याकडे हवेतलं मीठ काचेवर बसतं आणि ते सँडपेपरसारखं काम करतं, आधी फुंकणीने उडवा मग मऊ कापड.

निवडणुकीत रायफल पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली तर स्कोप रिंगांसकट काढायचा की नाही हा वाद आहे. मी काढतो. एकदा न काढता दिली होती, तीन महिन्यांनी परत आली तेव्हा नेलपॉलिशची रेघ तुटलेली आणि टरेटच्या टोपीला खोक, रांगेत दुसऱ्या बंदुका टेकल्या असणार. काढताना कोणती रिंग पुढची कोणती मागची आणि खाचेच्या कुठल्या जागी होती ते लिहून ठेवा, परत लावल्यावर झीरो तपासायला पाच-सहा काडतुसं बाजूला काढलेली असू द्या.

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे, त्यात तारीख, हवा, काडतुसाचा ब्रँड, किती क्लिक कुठे, नोट कुठपर्यंत गेली. रायफल चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या कव्हरमध्ये ठेवत नाही, ते ओल धरून ठेवतं आणि आत गंज चढतो. कुलपाच्या लोखंडी कपाटात उभी, नळीचं तोंड खाली म्हणजे तेल लाकडात उतरत नाही, आणि तळाशी सिलिका जेलची पुरचुंडी, तिचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत. त्या तव्यावर मात्र नंतर भाकरी नाही, त्यासाठी मी भंगारातून वेगळा तवा आणलाय.